पंचगंगेची पातळी, विम्याचा हप्ता

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा दिवस एका आकड्याने सुरू होतो: राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर? 39 ही इशारा पातळी, 43 ही धोका पातळी. ऑगस्ट 2019मध्ये पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. पातळी चढू लागली की पूरपट्ट्यातली घरं फ्रीज माळ्यावर चढवतात, जनावरं हलवतात, दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर घेतात. एवढी तयारी अंगवळणी पडलेल्या या माणसांपैकी घराचा किंवा दुकानाचा विमा काढणारे मात्र थोडेच.

विमा नसला की काय होतं, ते चिपळूणने पाहिलं. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं. ओसरलं तेव्हा दुकानादुकानात चिखलाचा थर होता आणि मालाबरोबर खरेदीची बिलंही लगदा झाली होती. सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 50 हजार रुपये मदत जाहीर केली. लाखोंचा माल भरलेलं दुकान तेवढ्यावर पुन्हा उभं राहत नाही.

पॉलिसी नाही, असं नाही. 1 एप्रिल 2021पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि एका ठिकाणची मालमत्ता 5 कोटींपर्यंत असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी मिळतात. दोन्हींत पूर येतो. ‘गृह रक्षा’त इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, घरातलं सामानही आपोआप धरलं जातं.

अडतं ते हप्त्यापाशी. समजा, एका घराचं दर 10 वर्षांनी एकदा 1 लाखाचं नुकसान होतं. निव्वळ या जोखमीची किंमतच वर्षाला 10 हजार झाली. हातावर पोट असलेलं कुटुंब ती कुठून भरणार? पण उंचावरची 9 घरं त्याच्याबरोबर आली, तर प्रत्येकाच्या वाट्याला हजारच येतात. भिशी चालवणाऱ्या कुठल्याही बाईला हे गणित समजावून सांगावं लागत नाही.

ब्रिटनने 2016मध्ये हेच देशपातळीवर केलं. ‘फ्लड री’ या योजनेत घरांचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्या दरवर्षी एका सामायिक निधीत पैसे भरतात. पूरपट्ट्यातल्या घराची पुराची जोखीम कंपनी या निधीकडे सोपवते आणि त्याचा दर घराच्या कराच्या टप्प्यावरून ठरतो, त्यामुळे साधं घर कमी भरतं. 2009नंतर बांधलेल्या घरांना ही सवलत नाही, म्हणजे नदीकाठी नवी बांधकामं करायला प्रोत्साहन मिळत नाही. योजना 2039पर्यंतच आहे. तोवर पूरसंरक्षणाची कामं पुढे न्यायची. एक मोठी उणीव राहिली: दुकानं आणि धंदे तिच्याबाहेर आहेत.

सामायिक निधी भारतालाही नवा नाही. दहशतवादी हल्ल्यांच्या विम्यासाठी 2002पासून कंपन्यांचा असा निधी आहेच. पुरासाठी तो उभारताना छोट्या दुकानदाराला पहिल्या दिवसापासून आत घ्यायला हवं.

खर्च कमी करण्याची दुसरी वाट म्हणजे निर्देशांकावरचा विमा. नागालँडने राज्यासाठी असा विमा घेतला आहे: पाऊस ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की घरोघर पंचनामा न करता पैसे मिळतात. कोल्हापुरात तर मोजपट्टी आधीपासून उभीच आहे. राजाराम बंधाऱ्यावर ठरलेला फूट ओलांडला की बचतगटातल्या बाईच्या किंवा टपरीवाल्याच्या खात्यात ठरलेली रक्कम यावी. भिजलेली बिलं दाखवायची वेळच येऊ नये. हप्ता पतसंस्थेच्या महिन्याच्या भरण्यातून थोडा थोडा कापता येईल.

ही व्यवस्था होईपर्यंत एक काम मे महिन्यातच करून ठेवता येतं. दुकानावर किंवा घरावर कर्ज असेल, तर बँकेने बहुधा विमा काढलेला असतो. त्यात पूर आहे का, माल धरलाय का, की फक्त भिंती, हे शाखेत जाऊन विचारावं, पॉलिसीची प्रत मागून घ्यावी आणि तिचा व बिलांचा फोटो गावाबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवावा.