मिनी की मोठा? ट्रॅक्टरच्या आकाराबद्दलचे काही पक्के गैरसमज

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडचा शेतकरी नागपुरात मोरभवनच्या स्टँडवर उतरला की त्याची बरीच कामं सीताबर्डीत, म्हणजे आपल्या बर्डीवर आणि आसपासच होतात. बँक इथे आहे, कॉटन मार्केट जवळ आहे आणि महाराजबागेला लागून १९०६ सालचं कृषी महाविद्यालयही आहे. पहिला ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की याच फेरीत त्याला दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "घ्याचंच आहे त मोठं घ्या भाऊ, पंधरा एचपीत काय होते?" दुसरा म्हणतो, "संत्र्याचा बगिचा आहे ना? मग मिनीच घ्या." दोघांच्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. पण नुसत्या त्या जोरावर लाखांचं कर्ज अंगावर घेऊ नये.

हा पेच आपल्याच मुलखातला नाही. अमेरिकेत शेतावर आणि रानात वापरायच्या, दोघं शेजारी-शेजारी बसतील अशा चारचाकी गाड्या मिळतात. पोलारिसची रेंजर, कावासाकीची म्यूल, जॉन डिअरची गेटर या त्यातल्या प्रसिद्ध. तिथेही मधल्या आकाराची घ्यावी की पूर्ण आकाराची, यावर असाच वाद चालतो. तिथल्या जंगलातल्या कित्येक वाटांवर ५० इंचांहून रुंद गाडीला मनाईच असते. त्यामुळे अनेकांचा निर्णय इंजिनावर ठरत नाही, फाटकाच्या रुंदीवर ठरतो. आपल्याकडे ही सगळी कामं ट्रॅक्टरलाच करावी लागतात. तरीही मोजायची सुरुवात तिथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. आधी वावरातली सगळ्यात अरुंद जागा मोजा. मग वर्षातलं सगळ्यात जड काम कोणतं ते ठरवा. एचपीचा आकडा त्यानंतर बघा.

"एचपी जास्त, म्हणजे ओढ जास्त"

सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज हा आहे, म्हणून त्यावर जरा थांबू.

बॉनेटवर लिहिलेली एचपी इंजिनाची असते. ती सगळी कामाला येत नाही. महिंद्राच्या युवराज २१५चं इंजिन १५ एचपीचं आहे, पण मागच्या पीटीओ शाफ्टवर, म्हणजे अवजाराला फिरती ताकद देणाऱ्या दांड्यावर, त्यातले सुमारे ११ मिळतात. त्याच कंपनीच्या ५७५चं इंजिन ४५ एचपीचं, पीटीओवर सुमारे ४०. आणि नांगर ओढताना हाही आकडा पूर्ण उपयोगी पडत नाही, कारण तिथे ताकदीच्या आधी पकड संपते.

हिशेब करून पाहू. नांगराच्या एका फाळाने ३० सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल माती कापली, तर तो काप ६०० चौरस सेंटिमीटरचा झाला. भारी काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा ते पाऊण किलो ओढ लागते. म्हणजे एका फाळाला ३०० ते ४५० किलो. आता ट्रॅक्टरकडे बघा. मागची दोनच चाकं ओढणारा ट्रॅक्टर शेतात स्वतःच्या वजनाच्या साधारण ४० ते ५० टक्के ओढ देऊ शकतो. पंधरा एचपीच्या मिनीचं वजन ८०० किलोच्या आसपास असतं, तेव्हा त्याची ओढ झाली ३२० ते ४०० किलो. म्हणजे एकाच फाळात तो टेकीला आला. ताशी ४ किलोमीटरने ४०० किलो ओढायला प्रत्यक्षात लागतात फक्त ६ एचपी. इंजिनात ताकद शिल्लक आहे, पण चाक जागच्या जागी फिरतंय आणि खाली चर पाडतंय. अशा वेळी शेतकरी म्हणतो, मशीन कमजोर निघालं. मशीन कमजोर नाही, ते हलकं आहे. मागच्या टायरमध्ये तीन-चतुर्थांश पाणी भरतात, चाकांना लोखंडी वजनं लावतात, त्यामागे हेच कारण आहे.

मोठा ट्रॅक्टर १,८०० किलोंच्या पुढे जातो, म्हणून दोन फाळी पलटी नांगर त्याला झेपतो. जड नांगरटीत त्याला मिनीचा पर्याय नाही, हे सरळ मान्य करावं.

रोटाव्हेटरचं गणित मात्र वेगळं आहे. त्याची पाती पीटीओवर फिरतात आणि माती कापताना ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात. इथे वजनापेक्षा पीटीओची ताकद मोलाची. म्हणून नांगरापुढे हरलेला मिनी तीन फुटी रोटाव्हेटर घेऊन बगिच्यात उत्तम चालतो. एकच यंत्र एका कामात नापास आणि दुसऱ्यात पहिल्या वर्गात पास होतं, आणि दोन शेजाऱ्यांची त्याच ट्रॅक्टरबद्दलची मतं इतकी का वेगळी असतात, तेही यावरून कळतं.

खरी ओढ, पीटीओची ताकद आणि डिझेलचा खप बघायचा असेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनीला १९५५ पासून केंद्र सरकारची कृषी यंत्रं तपासणारी संस्था आहे. तिथल्या चाचणीचा अहवाल विक्रेत्याकडे मागावा. माहितीपत्रकातल्या चित्रापेक्षा त्यातला ओढीचा एक आकडा जास्त सांगतो.

"मिनी म्हणजे कमी ताकदीचा"

ही समजूत जुनी झाली. कुबोटाचा २४ एचपीचा निओस्टार १५ एचपीच्या युवराजपेक्षा वजनाने हलका आहे, आणि त्याची चारही चाकं ओढतात. महिंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये आणलेल्या ओजा मालिकेत हलक्या बांध्यात २० ते ४० एचपीपर्यंतचे ट्रॅक्टर आहेत, तेही सगळे फोर-व्हील ड्राइव्ह. आकार आणि एचपी यांची जुनी जोडी आता सुटली आहे. चारही चाकं ओढायला लागली की पूर्ण वजन कामाला येतं, त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरला फोर-व्हील ड्राइव्हचा फायदा मोठ्यापेक्षा जास्त जाणवतो. पावसाळ्यातल्या पांधणीत तर फारच. फक्त पुढचे टायर बदलताना कंपनीने ठरवलेल्या मापाचेच घ्यावेत. पुढच्या-मागच्या चाकांचं प्रमाण बिघडलं की कोरड्या रस्त्यावर गिअर एकमेकांना ओढत झिजतात.

"मोठा घेतला की सगळंच होतं"

होत नाही, आणि नागपुरी संत्र्याच्या बगिच्यात तर उलट नुकसान होतं.

संत्र्याची पारंपरिक लागवड ६ बाय ६ मीटरवर, हेक्टरी २७७ झाडं. कागदावर सहा मीटर म्हणजे बैलगाडी वळेल एवढी जागा वाटते. पण झाड भरात आलं की त्याचा घेर चार-साडेचार मीटरचा होतो आणि फांद्या फळांनी खाली झुकतात. मधे उरते दीड-दोन मीटरची गल्ली. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरची रुंदीच जवळपास पावणेदोन मीटर. आंबिया बहाराची फळं लागलेली असताना त्या गल्लीतून असा ट्रॅक्टर नेला की मडगार्डला फांद्या घासतात, फळं गळतात, सालीला जखमा होतात.

याहून गंभीर नुकसान जमिनीखाली होतं. संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या एका फुटात पसरलेली असतात. मोठा ट्रॅक्टर आहे, ताकद आहे, म्हणून रोटाव्हेटर खोल टाकला तर ही मुळं तुटतात, आणि तुटलेल्या मुळांवाटे फायटोप्थोरा बुरशीला वाट मिळते. डिंक्या आणि मूळकूज यांनी काटोल-वरूड पट्ट्यातल्या बगिच्यांचं किती नुकसान केलं, हे त्या भागात कुणाला सांगायला नको. बगिच्यात उथळ मशागतच हवी, आणि तिला मोठी ताकद लागत नाही.

फवारणीचंही तसंच. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरायला हवा, आणि त्यासाठी बहुतेक ट्रॅक्टरचं इंजिन बरंच वर न्यावं लागतं. मोठं इंजिन त्या वेगात ठेवून मागे हलका ब्लोअर चालवला तर डिझेलचा मोठा भाग इंजिन स्वतः फिरण्यात आणि पावणेदोन-दोन टनांचं धूड पुढे नेण्यात जातो. काही मोठ्या मॉडेलमध्ये कमी इंजिन-वेगावर ५४० फेरे देणारा 'इकॉनॉमी पीटीओ' असतो. मोठाच घ्यायचा असेल तर तो आहे का, हे जरूर विचारावं.

"हलका ट्रॅक्टर जमीन दाबत नाही"

वरची माती किती दबते, हे टायरमधल्या हवेच्या दाबावर आणि जमिनीला टेकलेल्या रबरावर ठरतं. खोलवरचा थर किती दबतो, ते एकेका अॅक्सलवर पडणाऱ्या वजनावर ठरतं. मोठा ट्रॅक्टर खोल घट्टपणा करतो, तो दरवर्षी साचत जातो आणि काढणं कठीण असतं, हे खरं. पण मिनीचे अरुंद टायर ठासून हवा भरलेले असतील, आणि लहान अवजारामुळे त्याच वावरात दुप्पट-तिप्पट फेऱ्या होत असतील, तर वरचा थर तोही चांगलाच दाबतो. आपल्या काळ्या जमिनीत चिकणमाती ३० टक्क्यांहून जास्त असते. ती ओली असताना लोण्यासारखी दबते आणि वाळली की विटेसारखी कडक होते. वाफसा नसताना कुठलाच आकार बरा नाही. कंत्राटी ट्रॅक्टर मिळाला म्हणून ओल्यात घुसण्याची घाई पुढच्या हंगामाला महाग पडते.

"कपाशीत मिनी शेवटपर्यंत चालतो"

पराटी गुडघ्याला येईपर्यंत चालतो, तोही तासांमधलं अंतर पुरेसं असेल तरच. दोन्ही मागच्या टायरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजावं आणि दोन्ही बाजूंना किमान वीतभर जागा सोडावी. तीन फुटी तासात हे गणित बहुतेक मिनींना जमत नाही. तिथे बैलजोडीचा डवरा अजूनही सरस आहे. ज्यांच्याकडे जोडी आहे त्यांनी ट्रॅक्टर आल्याबरोबर ती विकायची घाई करू नये.

आता मुख्य अडचण. अरुंद जागा म्हणते लहान घ्या, आणि जड काम म्हणतं मोठा घ्या. बगिचाही आहे, सोयाबीन-तुरीचं वावरही आहे, अशा घरात हे नेहमी होतं. माझ्या मते अरुंद जागेसाठी विकत घ्यावा आणि जड कामासाठी भाड्याने बोलवावा. खोल नांगरट वर्षातून एकदा, तीही उन्हाळ्यात होते, आणि चार दिवस उशीर झाला तरी चालतो. फवारणी पुन्हापुन्हा येते आणि किडीला दम नसतो. ज्या कामाला थांबता येत नाही, त्याचं यंत्र घरचं हवं. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर, म्हणजे साधारण सव्वातीन एकर आहे. एवढ्यावर ४५ एचपीचा ट्रॅक्टर फक्त घरच्या कामाने हप्ता फेडू शकत नाही. तो भाड्याने चालवायचाच बेत असेल, चालवणारा माणूस घरात असेल, गावात गिऱ्हाईक असेल, तर मोठा घ्यावा. मग तो धंदा आहे, आणि त्याचा हिशेब धंद्यासारखाच मांडावा.

"मिनी म्हणजे स्वस्त, आणि अनुदान मिळतं तोच आकार बरा"

एकूण किंमत कमी असते, पण एका एचपीमागे मिनी महागच पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, तेव्हा त्याआधीचे दरपत्रक घेऊन बोलणी करू नयेत. राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची अनुसूचित जाती आणि नवबौद्ध स्वयंसहाय्यता बचतगटांसाठी योजना आहे. ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं यांसाठी साडेतीन लाखांची मर्यादा आणि त्यावर ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान. योजना मोलाची आहे आणि पात्र गटांनी ती जरूर घ्यावी. मात्र गटातल्या वावरांत खोल नांगरटीचं काम जास्त असेल, तर १८ एचपीच्या आत ते होणार नाही, हे अर्ज भरण्याआधी सगळ्या सभासदांनी बसून बोलावं. कुठे कुठला ट्रॅक्टर चालतो, हे प्रदर्शनाच्या सपाट मैदानावर कळत नाही. विक्रेत्याला आपल्या वावरात, आपल्या अवजारासह चालवून दाखवायला सांगावं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

"लहान आहे, उलटत नाही"

हा गैरसमज जिवावर बेततो. अरुंद बांध्याचा ट्रॅक्टर धुऱ्यावर किंवा नाल्याच्या काठी लवकर कलंडतो. संत्र्याची तोड सुरू झाली की मिनीमागे मोठी ट्रॉली जोडतात. सपाटीवर तो ती ओढतोही. पण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, आणि उतारावर दोन-अडीच टनांची भरलेली ट्रॉली ८०० किलोच्या ट्रॅक्टरला ढकलत नेते. जे ओढता येतं ते थांबवता येईलच असं नाही. चालकाच्या मागची संरक्षक कमान झाडाच्या फांद्यांना अडते म्हणून काढून ठेवतात. घडी घालता येणारी कमान मिळते, ती घ्यावी आणि बगिच्याबाहेर पडताच उभी करावी. मडगार्डवर लेकरू बसवू नये. पीटीओच्या शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं तर त्याच दिवशी नवं बसवावं. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. दुपट्ट्याचं किंवा पदराचं टोक त्यात अडकलं, तर हात मागे घ्यायला एक सेकंदही मिळत नाही.