करिंथची तारीख कशी ठरली?

प्राचीन काळातील घटनांची साले पाठ्यपुस्तकात छापलेली असतात आणि विद्यार्थी ती पाठ करतात. पण ते साल मुळात कळले कसे, हा प्रश्न वर्गात क्वचितच विचारला जातो. वास्तविक, कालनिश्चिती हे पुराव्यांवरून निष्कर्ष काढण्याचे काम आहे आणि त्याची रीत विज्ञानाच्या रीतीहून फारशी वेगळी नाही. ग्रीसमधील करिंथ या शहराचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

दोन समुद्रांचे शहर

ग्रीसच्या नकाशात पेलोपोनीस हे द्वीपकल्प मुख्य भूमीला एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेले दिसते. ही संयोगभूमी जेमतेम ६ किलोमीटर रुंद आहे. तिच्या एका बाजूस करिंथचे आखात, तर दुसऱ्या बाजूस सारोनिक आखात. या पट्टीलगत वसलेल्या करिंथला त्यामुळे दोन बंदरे लाभली: पश्चिमेच्या जलमार्गासाठी लेखायॉन आणि पूर्वेच्या जलमार्गासाठी केंख्रेया. द्वीपकल्पाला दक्षिणेकडून वळसा घालणे वादळांमुळे धोक्याचे असे. म्हणून माल एका किनाऱ्यावर उतरवून दुसऱ्या किनाऱ्यावर नेत. त्यासाठी इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास 'दिओल्कोस' नावाचा फरसबंद मार्ग बांधण्यात आला. त्यावरून प्रसंगी जहाजेही ओढून नेली जात. रोमन सम्राट नीरो याने इ.स. ६७ मध्ये येथे कालवा खणण्यास सुरुवात केली. पण तो प्रत्यक्षात खुला झाला १८९३ साली.

रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये करिंथ उद्ध्वस्त केले आणि इ.स.पू. ४४ मध्ये ज्युलियस सीझरच्या आज्ञेने ते पुन्हा वसवण्यात आले. गुलामगिरीतून मुक्त झालेले रोमन, स्थानिक ग्रीक, ज्यू आणि पूर्वेकडील व्यापारी अशी तेथील वस्ती संमिश्र होती. अखया प्रांताचा रोमन सुभेदारही येथेच राहत असे. कोणताही नवा विचार जहाजांबरोबर दूरवर पोचावा, अशी ही जागा होती.

पौलाचा मुक्काम

ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल या शहरात दीड वर्ष राहिला, असे 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातील पुस्तकात सांगितले आहे. तो तंबू बनवण्याचे काम करी. रोमहून आलेले अक्विला आणि प्रिस्किला हे जोडपे त्याच व्यवसायातले होते. पुढे विरोधकांनी पौलाला गल्लियो या सुभेदारापुढे उभे केले. हा तुमच्या धर्मशास्त्रातील वाद आहे, न्यायालयाचा विषय नाही, असे म्हणून गल्लियोने खटला फेटाळला.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेली दोन पत्रे नव्या करारात आहेत. थेस्सलनीका येथील मंडळीला त्याने पाठवलेले पहिले पत्र करिंथहूनच लिहिले गेले आणि नव्या करारातील तेच सर्वांत जुने लेखन असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे या मुक्कामाचे साल कळले, तर ख्रिस्ती साहित्याच्या आरंभाचे साल कळते. पण या पुस्तकात सालच दिलेले नाही. त्या काळी इसवी सन अस्तित्वात नव्हता. 'अमुक अधिकारी असताना' एवढेच सांगण्याची पद्धत होती.

डेल्फीचे तुकडे

करिंथच्या आखातापलीकडे डेल्फी हे अपोलो देवाचे प्रसिद्ध क्षेत्र आहे. तेथील उत्खननात फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना एका शिलालेखाचे तुकडे मिळाले. त्यांतील चार १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जुळणी होऊन एकूण नऊ तुकडे त्या लेखाचे ठरले. हे सम्राट क्लॉडियसचे पत्र आहे. डेल्फीची वस्ती रोडावल्याची हकिकत त्यात असून, ती कळवणाऱ्या गल्लियोचा उल्लेख 'माझा मित्र आणि सुभेदार' असा आहे.

सैन्याने विजय मिळवला की सम्राटाचा 'इंपेरातोर' म्हणून जयघोष होई आणि अशा जयघोषांची संख्या बिरुदात लिहिली जाई. या पत्रात ती २६ आहे. रोममधील एका जलवाहिनीवरील लेखात ती २७ आहे आणि त्या जलवाहिनीचे लोकार्पण १ ऑगस्ट ५२ रोजी झाले. चोविसावा जयघोष इ.स. ५१ मधला असल्याचे इतर लेखांवरून कळते. तेव्हा हे पत्र साधारणपणे इ.स. ५२ च्या पहिल्या सात महिन्यांतील ठरते.

सुभेदाराची नेमणूक सहसा एका वर्षाची असे आणि तो उन्हाळ्यात सूत्रे हाती घेई. त्याची हकिकत रोमला जाऊन पत्र निघेपर्यंत काही काळ लोटणारच. म्हणून गल्लियोचा कार्यकाळ इ.स. ५१-५२ असा धरला जातो. चूक असलीच तर ती वर्षभराची.

हे उत्तर पडताळून पाहण्याची सोयही आहे. क्लॉडियसने ज्यूंना रोमबाहेर घालवल्यामुळे अक्विला आणि प्रिस्किला करिंथला आले होते. ओरोसियस हा पाचव्या शतकातील लेखक त्या हद्दपारीचे साल क्लॉडियसच्या कारकिर्दीचे नववे, म्हणजे इ.स. ४९ असे देतो. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

क्रम आणि काल

भूगर्भशास्त्रात खडकांच्या थरांवरून आधी काय आणि नंतर काय एवढेच समजते. एखाद्या थरातील ज्वालामुखीच्या राखेचे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काढता आले, की सगळ्या थरांना काळाची मोजपट्टी लाभते. येथे नेमके तेच घडले आहे. 'तीन वर्षांनी', 'चौदा वर्षांनी' असे उल्लेख पौलाच्या पत्रांत आहेत; त्यांतून क्रम कळतो. डेल्फीचा दगड काल देतो. त्यावरून मागे मोजत गेले की पौलाचे धर्मांतर इ.स. ३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येते.

मात्र हा दगड काय सिद्ध करतो आणि काय नाही, याचे भान हवे. गल्लियो त्या काळी अखयाचा सुभेदार होता, एवढेच तो सांगतो. पौलाचे नाव त्यावर नाही. खटला वर्णन केल्याप्रमाणेच झाला, असे त्यावरून म्हणता येत नाही. आणि श्रद्धेच्या प्रश्नांविषयी तर तो मूकच आहे.

आपल्याकडेही अशोकाचा काळ याच रीतीने पक्का झाला. गिरनार आणि अन्य ठिकाणच्या त्याच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावे आहेत. त्यांच्या कारकिर्दी ग्रीक साधनांवरून माहीत असल्यामुळे तो लेख इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास जातो. त्या पाचांपैकी अलिकसुदर म्हणजे बहुधा एपिरसचा अलेक्झांडर. पण तो करिंथचा अलेक्झांडर असावा असेही मत काही विद्वानांनी मांडले आहे!

इतिहासाच्या तासाला एखादे साल फळ्यावर लिहिताना शिक्षकांनी त्याखाली दोन प्रश्न जरूर लिहावेत: हे कशावरून? आणि यात चूक असली तर किती वर्षांची?