जन्मसालाची बाटली

परीक्षा उतरल्याची वार्ता घरात आली की आपल्याकडे प्रथम देवापुढे साखर ठेवतात, मग शेजारीपाजारी पेढे वाटतात, आणि रात्री श्रीखंडपुरीचा बेत होतो. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचा अर्थ शोधण्याचे आपल्या मनातही येत नाही. दुसऱ्याची रीत न्याहाळली म्हणजे मात्र आपली रीतही नव्याने दिसू लागते. यास्तव आज मी आपणांस इंग्लंडातील एका घरगुती मेजवानीस नेणार आहे. त्या मेजवानीत द्राक्षांचे मद्य आहे. त्याची भलावण करण्याचा माझा हेतू नाही. ज्या घरी ते वर्ज्य आहे त्या घरानेही ऐकावे असे त्यात काही आहे, म्हणून सांगतो.

समजा, लंडनच्या एका सुखवस्तू कुटुंबातील कन्या बॅरिस्टरीची परीक्षा उतरली आहे. तिचा जन्म १९९४ सालचा. पहिल्या खेपेस एका विषयात तिला अपयश आले होते. दुसऱ्या खेपेस ती यशस्वी झाली. आजीआजोबा, मामा, भावंडे अशी सारी मंडळी टेबलाभोवती जमली आहेत. भाजलेल्या मांसाबरोबर फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील तांबडे मद्य झाले. हे मद्य इंग्रज लोक ‘क्लॅरेट’ या नावाने ओळखतात. शेवटी अक्रोड आणि निळसर शिरांचे स्टिल्टन चीज आले, आणि वडिलांनी एक जुनी बाटली पुढे आणली. ती होती १९९४ सालची ‘व्हिंटेज पोर्ट’, म्हणजे मुलीच्या जन्मसालच्या द्राक्षांची. मुलगी दोनतीन वर्षांची असताना त्यांनी ती विकत घेतली होती.

ही पोर्ट म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. पोर्तुगालच्या उत्तरेस दोरू नदीचे खोरे आहे. तेथील डोंगरउतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. रस आंबत असता, त्यातील सारी साखर संपण्यापूर्वीच, त्यात द्राक्षांचाच कडक अर्क मिसळतात. त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते, गोडी शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण शेकडा २० च्या आसपास जाते. दर वर्षीचे पीक व्हिंटेजच्या योग्यतेचे नसते; दहा वर्षांत सामान्यतः तीन वेळाच मद्य बनविणारे तसे जाहीर करतात. १९६३, १९७७ आणि १९९४ ही अशीच नावाजलेली वर्षे होत. असे मद्य सुमारे दोन वर्षे लाकडी पिंपांत ठेवून बाटल्यांत भरतात, आणि त्याची खरी वाढ तेथून पुढे बाटलीतच होते. तीस वीस वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ लागतो.

पोर्तुगालचे हे मद्य इंग्रजांच्या घरात इतके रुजले याचे एक कारण राजकारणात आहे. फ्रान्सशी वारंवार युद्धे होत असल्याने इंग्लंडने १७०३ साली पोर्तुगालशी मेथुएनचा तह केला, आणि पोर्तुगीज मद्यावरील जकात फ्रेंच मद्यापेक्षा किमान एकतृतीयांशाने कमी ठेवली. पुढे श्रीमंत घराण्यांत मुलाच्या जन्माप्रीत्यर्थ पोर्टचे एक संबंध पिंप, म्हणजे सुमारे ५५० लिटर, राखून ठेवण्याची चाल पडली. आज बहुतेकांचे काम डझनभर बाटल्यांवर, किंवा एकदोन बाटल्यांवरही भागते.

आता त्या बाटलीकडे पुन्हा वळू. इतकी वर्षे ती थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवलेली होती. बूच ओले राहिले तरच ते आकसत नाही आणि हवा आत शिरत नाही. एवढ्या काळात आत जाड साका बसलेला असतो. म्हणून वडिलांनी आदल्या दिवशीच बाटली उभी करून ठेवली. आज बूच अलगद काढून, बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरून, मद्य संथ धारेने काचेच्या सुरईत ओतले. साक्याची काळी रेघ मानेपाशी दिसताच हात थांबविला. तळाचे घोटभर मद्य वाया गेले, पण वरचे नितळ निघाले. मग सुरई डावीकडच्या माणसाकडे, त्याच्याकडून त्याच्या डावीकडे, अशी टेबलाभोवती फिरली.

या मद्याचा एक गुण ध्यानात घेण्याजोगा आहे. वीसपंचवीस वर्षे धीर धरणारे हे मद्य एकदा उघडले की एकदोन दिवसांतच उतरू लागते. ते पुन्हा साठविता येत नाही. ते त्या रात्रीच, आणि चार माणसांतच संपवावे लागते. एकट्याने दडवून ठेवण्याची ती वस्तूच नव्हे.

आता कोणी विचारील, ज्याला मद्य वर्ज्य आहे त्याला अशा पंक्तीत स्थान काय? याचे उत्तर बॅरिस्टरीच्या इतिहासातच आहे. लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या चार वकीलसंस्थांत एके काळी परीक्षेइतकीच भोजनांची उपस्थितीही आवश्यक होती. महात्मा गांधी हे इनर टेंपलचे विद्यार्थी. १८९१ साली ते बॅरिस्टर झाले. त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे की चारचार जणांच्या गटास मद्याच्या दोन बाटल्या मिळत, आणि आपण पीत नसल्यामुळे आपल्या गटात यावे म्हणून इतरांची चढाओढ लागे. मद्यास स्पर्श न करण्याचे वचन त्यांनी मातेस दिले होते. ते त्यांनी पाळले, आणि पंगतही सोडली नाही. पेल्यात काय आहे यापेक्षा पंक्तीत कोण आहे, हेच अखेर महत्त्वाचे ठरते.

श्रोतेहो, मला या मेजवानीत सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे. ती बाटली घेतली तेव्हा मुलगी वकील होणार की गवई होणार, उत्तीर्ण होणार की नापास, हे कोणासच ठाऊक नव्हते. ती यशाचे बक्षीस म्हणून ठेवलेली नव्हती. ती मुलीसाठी ठेवलेली होती. पहिल्या खेपेस अपयश आले तेव्हा बाटली तळघरातच राहिली, आणि त्या वर्षाने तिचे काही बिघडले नाही.

आपल्याकडे एका निकालावर साऱ्या घराचे तोंड उजळते किंवा काळवंडते. पेढ्यांचा पुडा निकालानंतर आणला जातो. नापास झालेल्या मुलाच्या वाट्यास पुडाही येत नाही आणि पंगतही येत नाही. वास्तविक त्याच रात्री त्याला पंगतीची गरज अधिक असते. बाटली आपण ठेवणार नाही, ठेवूही नये. पण मुलाचा निकाल लागण्यापूर्वीच त्याच्या नावाने घरात काहीतरी राखून ठेवलेले आहे, आणि ते निकालावर अवलंबून नाही, एवढे त्याला कळले तरी पुरे आहे. त्यासाठी श्रीखंडाची एक वाटीही चालेल.