महाग कळफलक घ्यावा काय?

संगणकावर लिहिणाऱ्या माणसाचीं बोटें दिवसभर ज्या वस्तूवर फिरतात, त्या वस्तूचा विचार तो सर्वांत शेवटीं करतो. पडदा केवढा हवा, यंत्र किती वेगवान हवें, याविषयीं घरांत चार दिवस खल होतो. कळफलक मात्र दुकानदार देईल तो. घराघरांत त्याला कीबोर्ड म्हणतात, आणि तो यंत्राबरोबर जणूं फुकट येतो. अलीकडे मात्र दहा, पंधरा, प्रसंगीं वीस हजार रुपयांचे कळफलक बाजारांत आले आहेत. प्रत्येक कळीखालीं स्वतंत्र खटका, कळीची टोपी काढून दुसरी बसवण्याची सोय, खटकाच उपटून निराळा लावण्याची सोय, इतकेंच नव्हे तर कोणती कळ दाबली असतां काय उमटावें हेंहि मालकानें ठरवावें, अशी त्यांची ख्याति आहे. तरुण मंडळी ते मागूं लागली आहे, आणि पैसे मोजणारी वडीलधारी मंडळी गोंधळांत पडली आहे. हा गोंधळ थोडाफार दूर व्हावा, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा हेतु.

श्रोते हो, प्रथम या वस्तूच्या पोटांत काय असतें तें पाहूं. साध्या, चार-पांचशे रुपयांच्या फलकांत सर्व कळांखालीं रबराचा एकच पापुद्रा पसरलेला असतो व प्रत्येक कळीच्या जागीं त्याला एक लहानसा घुमट असतो. कळ दाबली कीं घुमट बसतो, त्याखालच्या दोन पातळ पडद्यांवरील विजेच्या रेषा एकमेकींस टेकतात आणि संगणकाला निरोप जातो. ही रचना स्वस्त आहे, फारसा आवाज करीत नाहीं. पण रबर तें रबर. कालांतरानें तें मऊ पडतें किंवा ताठरतें, आणि निरोप पोंचावा म्हणून कळ बहुधा तळापर्यंत रेटावी लागते.

यांत्रिक कळफलकांत प्रत्येक कळीखालीं एक वेगळी डबी असते. बाजारांत तिला स्विच म्हणतात. मी खटका म्हणतों. तिच्यांत एक स्प्रिंग, वरखालीं सरकणारा एक दांडा व धातूचीं पातीं असतात. जर्मनींतील चेरी कंपनीनें १९८३ च्या सुमारास आणलेला खटका हा आजच्या बहुतेक खटक्यांचा मूळ पुरुष होय. त्याच्या एकस्वाची मुदत संपल्यावर चिनी कारखान्यांनीं त्याच्या असंख्य आवृत्त्या काढल्या, आणि म्हणूनच हे फलक एवढे पसरले. चेरीच्या तांबड्या खटक्याचें उदाहरण घ्या. कळ एकंदर ४ मिलिमीटर खालीं जाते, परंतु निरोप २ मिलिमीटरवरच सुटतो. बोटाला तळ गांठावा लागत नाहीं. तांबडा खटका गुळगुळीत व मुका. तपकिरी खटक्यांत निरोप सुटतांना बोटाला एक हलकासा झटका कळतो. निळ्यांत झटका आहेच, शिवाय स्पष्ट असा 'टक' आवाजहि आहे. मुंबईच्या गोदरेज आणि बॉईस कंपनीनें १९५५ मध्यें पहिलें भारतीय बनावटीचें टंकलेखन यंत्र बाहेर काढलें, त्यानंतरच्या दोन पिढ्या अशा यंत्रांवर बोटें आपटून पोट भरत होत्या. त्यांपैकीं कोणाच्या हाताखालीं निळा खटका द्या. चेहरा लगेच उजळतो.

आतां टिकाऊपणाकडे वळूं. या ठिकाणीं जाहिरातींपेक्षां पाटी-पेन्सिल अधिक उपयोगी पडते. रबरी घुमटाच्या कळीचें आयुष्य उत्पादक साधारणतः ५० लाख ते १ कोटी दाब एवढें सांगतात. चांगल्या यांत्रिक खटक्याचें ५ कोटी, कांहींचें १० कोटी. आंकडे ऐकून माणूस दिपतो. पण ५ कोटी दाब म्हणजे किती वर्षें, हा प्रश्न विचारावयास हवा. शासकीय लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठीं मराठीची मिनिटास ३० शब्दांची गति मागतात, तीच धरूं. प्रत्येक शब्दानंतर मोकळी जागा सोडावयाची असल्यामुळें खालची लांब कळ सर्वांत अधिक राबते, म्हणजे मिनिटास ३० वेळां. रोज ४ तास न थांबतां लिहिलें तर दिवसाचे ७,२०० दाब, आणि वर्षाचे ३०० दिवस धरल्यास २१ लाख ६० हजार. या हिशेबानें ५० लाखांची कळ सव्वादोन वर्षांत, १ कोटीची साडेचार वर्षांत थकेल. ५ कोटींचा खटका तेवीस वर्षें चालेल.

याच गजानें घरगुती माणसाचें माप घ्या. रोज अर्धा तास लिहिणाऱ्याचे दिवसाचे दाब ९००, वर्षाचे २ लाख ७० हजार. त्याची ५० लाखांची साधी कळसुद्धां अठरा वर्षें पुरते. तोंवर त्यानें संगणकच तीन-चार वेळां बदललेला असेल. अशा माणसानें टिकाऊपणाच्या नांवाखालीं महाग फलक घेणें म्हणजे लग्नाला वर्षांतून एकदां नेसावयाच्या शालूला रोजच्या धुण्याची हमी मागण्यासारखें आहे.

आणि पैशाचा हिशेब? रोज चार तास राबणारा टंकलेखक तेवीस वर्षांत पांचशे रुपयांचे दहा फलक वापरून टाकील; खर्च पांच हजार. त्याऐवजीं तीन हजारांचा एक यांत्रिक फलक घेतला तर तो फायद्यांत राहील. पंधरा हजारांचा घेतला तर मात्र कोणत्याहि त्रैराशिकानें फायदा निघत नाहीं. सारांश काय, तीन-चार हजारांपर्यंत आपण टिकाऊपणा विकत घेतों. त्यापुढें जें विकत घेतों तें दुसरेंच कांहीं असतें. आपल्या देशांत टीव्हीएस कंपनीचा 'गोल्ड' नांवाचा, निळ्या जातीच्या खटक्यांचा फलक कितीतरी बँकांत व कचेऱ्यांत वर्षानुवर्षें वापरला गेला आहे. रूप ओबडधोबड, आवाज खणखणीत, किंमत साधारण तीन हजारांच्या आसपास. नुसत्या कामाचा प्रश्न असेल तर विचार येथेंच संपावा.

तो संपत नाहीं, कारण महाग फलकाची मोहिनी टिकाऊपणांत नसून बदलतां येण्यांत आहे. हा मुद्दा समजावून सांगावयास सोलापूरकराला दूर जावें लागत नाहीं. आपल्या चादरीवरची नक्षी जॅकार्डानें उठते. मागाच्या माथ्यावर बसवलेल्या त्या यंत्रांत छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, आणि छिद्रें जशीं असतील तसे उभे धागे उचलले जातात. पुठ्ठे बदलले कीं नक्षी बदलली. फ्रान्समध्यें १८०४ च्या सुमारास निघालेली हीच छिद्रांची युक्ति पुढें हॉलेरिथनें अमेरिकेच्या १८९० च्या शिरगणतींत मोजणीसाठीं वापरली व तेथून ती संगणकाच्या घराण्यांत शिरली. तेव्हां चादर आणि कळफलक हे दूरचे नातलगच म्हणावयाचे. परंतु ज्या विणकराला जन्मभर साधें पांढरें कापड विणावयाचें आहे, तो मागावर जॅकार्ड चढवीत नाहीं. बदलतां येणाऱ्या फलकाचा मोबदला केवळ बदलणारालाच मिळतो.

मराठी लिहिणारानें काय बदलावें? येथें खरोखर कांहीं हातीं लागण्यासारखें आहे. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागानें १९८६ मध्यें इनस्क्रिप्ट नांवाची मांडणी ठरवली. १९९१ च्या भारतीय मानकांत ती समाविष्ट झाली. तींत स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजनें बहुतेक उजव्या हाताला. त्यामुळें बाराखडी लिहितांना दोन्ही हात आळीपाळीनें चालतात, ही तिची मोठी सोय. पण सर्व भारतीय लिपींसाठीं एकच मांडणी केल्यामुळें मराठीच्या खास अक्षरांकडे थोडें दुर्लक्ष झालें. आपला 'ळ' वरच्या मजल्यावर, म्हणजे शिफ्टसह एनच्या कळीवर. 'ऱ' शिफ्टसह जेच्या कळीवर. 'शेतकऱ्यांना' लिहितांना तो ऱ, मग डीच्या कळीवरचें हलन्त चिन्ह, मग य, एवढी खटपट. दिवसाकाठीं शेंकडों वेळां 'दुसऱ्या', 'वाऱ्या', 'कर्मचाऱ्यां' लिहिणाऱ्या लिपिकाला हें जाणवतें. मांडणी बदलतां येणाऱ्या फलकांत एखादी बिनकामाची कळ अशी शिकवतां येते कीं एका दाबांत ऱ आणि हलन्त हीं दोन्ही जावींत. दुसऱ्या कळीवर ळ. ही शिकवण फलकाच्या स्वतःच्या स्मृतींत राहते, म्हणून ज्या कचेरींतील संगणकावर आपणांस कांहीं बसवण्याची मुभा नाहीं तेथेंहि ती चालते.

एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. फलक संगणकाला अक्षर पाठवीत नाहीं, कळीचा क्रमांक पाठवतो. क्रमांकाचें अक्षर संगणक करतो. समोरच्या संगणकावर मराठीची मांडणी चालूं नसेल तर वीस हजारांचा फलकहि ळ काढूं शकत नाहीं. उलट स्वतःचाच संगणक असेल तर त्याच्यावरची मांडणी बदलण्याचीं फुकट साधनें उपलब्ध आहेत, आणि तीं पांचशे रुपयांच्या फलकालाहि तेवढाच लाभ देतात. शिवाय महाग टोप्यांवर अक्षरें बहुधा रोमनच असतात. देवनागरी हवी तर कागदी चिकटपट्ट्या लावाव्या लागतात, आणि आपल्या चाळीस अंशांच्या वैशाखांत, घामट बोटांखालीं, त्या किती दिवस टिकतात हें सांगावयास नको. न पाहतां लिहावयास शिकणें हाच त्यावरचा स्वस्त उपाय.

खटका उपटून बदलण्याची सोय मात्र मला आपल्या गांवीं विशेष मोलाची वाटते. यंत्रमागांच्या वस्तींत कापसाची तूस घरांत शिरते. उन्हाळ्यांत धूळ आहेच. चहाचा पेला कलंडणें हा तर सार्वत्रिक अपघात. साध्या फलकाचें एक अक्षर मेलें कीं सारा फलक भंगारांत. येथें टोपी काढून आंत ब्रश फिरवतां येतो, आणि एखादा खटका बिघडलाच तर तेवढाच काढून थोड्या रुपयांत नवा लावतां येतो. डाग द्यावा लागत नाहीं. ही सोय आतां तीन-पांच हजारांच्या फलकांतहि मिळते. मग पंधरा हजारांत अधिक काय? ॲल्युमिनियमचें दीड-दोन किलोंचें अंग, घासून गुळगुळीत न होणाऱ्या जाड टोप्या, आणि आवाज मऊ व घुमट यावा म्हणून आंत बसवलेल्या गाद्या. हा शोक आहे. शोक वाईट नव्हे. चांगल्या तंबोऱ्याला पैसे घालणाऱ्याला आपण उधळ्या म्हणत नाहीं. फक्त त्याला गरज हें नांव देऊं नये.

मनगटें दुखतात म्हणून महाग फलक मागणारेहि भेटतात. त्यांस माझें सांगणें असें कीं, प्रथम खुर्ची व टेबल पाहा. कोपर टेबलाच्या उंचीला आहे काय, मनगट वर मुडपतें काय? यांत्रिक फलक साध्यापेक्षां जाडच असतो. मनगटाखालीं आधार नसेल तर दुखणें कमी होण्याऐवजीं वाढेल.

गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी याच प्रश्नासाठीं आला होता. त्याची मुलगी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षेची तयारी करीत होती, आणि पंधरा हजारांचा फलक हप्त्यानें घ्यावा असा तिचा आग्रह. बाप यंत्रमागाच्या कारखान्यांत हिशेबनीस. हप्ता म्हणजे त्याच्या घरचा किराणा. मीं मुलीला विचारलें, "बाळ, आतांच्या फलकावर तूं काय बदललेंस?" ती म्हणाली, "कांहींच नाहीं, सर." "आणि परीक्षेच्या खोलींत कोणता फलक असेल?" यावर ती गप्प झाली. परीक्षेंत समोर येईल त्या, बहुधा साध्याच, कळांवर हात चालला पाहिजे. स्वतःचा फलक नेतां येतो कीं नाहीं हें अगोदर विचारून घ्यावें लागतें. ज्या बोटांना घरीं लोण्यासारख्या खटक्यांची संवय झाली, तीं परक्या रबरावर पहिलीं दहा मिनिटें अडखळतात, आणि परीक्षेंतील गतीचा उतारा त्या दहा मिनिटांतच आटोपतो. मीं तीन हजारांचा, खटके बदलतां येणारा फलक सुचवला, आणि आठवड्यांतून दोन दिवस जुन्या फलकावरच सराव करावयास सांगितलें. मुलगी रुसली, हें खरें. पण त्याच महिन्यांत रोज सात-सात तास भाषांतर करणाऱ्या एका गृहस्थांना मीं पंधरा हजारांचा फलक घ्या म्हणून सांगितलें. कारण स्वस्त यांत्रिक फलकाचे खटके त्यांनीं दोनदां बदलून पाहिले होते आणि आपणांस काय हवें तें त्यांना नेमकें ठाऊक होतें.

घ्यावयाचें ठरलेंच तर तीन गोष्टी पाहाव्यात. या फलकांचा व्यापार बहुतेक घरपोंच मागणीवर चालतो, बोट लावून पाहण्याची सोय क्वचितच. म्हणून आधीं निरनिराळ्या खटक्यांची लहानशी नमुन्याची पट्टी मागवावी, ती कांहींशे रुपयांत मिळते, आणि घरांतील सर्वांसमोर वाजवून पाहावी. दोन खोल्यांच्या घरांत शेजारीं दहावीचा मुलगा अभ्यासाला बसत असेल तर निळा खटका बाद समजावा. दुसरें, खटक्यांची जागा तीन पायांची कीं पांच पायांची हें विचारावें. पांच पायांच्या जागेंत दोन्ही बसतात, तीन पायांच्या जागेंत पांच पायांच्या खटक्याचे दोन पाय छाटावे लागतात. तिसरें, परतीची मुदत संपण्यापूर्वीं प्रत्येक कळ, अगदीं कोंपऱ्यांतलीसुद्धां, शंभर वेळां दाबून पाहावी, आणि पावती व खटके उपटण्याचा चिमटा एकाच डब्यांत ठेवावा.