विज्ञानाच्या तासाला वर्ग गप्प का बसतो?

आज बोलूया विज्ञानाच्या तासाबद्दल. मुलं त्यात बोलतात की नुसती बसून राहतात, हे शिकवण्याच्या पद्धतीवर किती अवलंबून असतं?

आपल्यापैकी बहुतेकांचे तास कसे झाले, आठवा. सर फळ्यावर लिहिणार, आपण उतरवून घेणार, शेवटी ‘समजलं ना सगळ्यांना?’ आणि पहिल्या बाकावरून ‘होऽऽ’. बीटेकला आमच्या वर्गात बोलणारे कायम तेच चार-पाच जण. बाकीचे काही लाजाळू नव्हते हं, कँटीनमध्ये त्यांना गप्प करणं अवघड असायचं.

हार्वर्डमध्ये एरिक माझुर नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक आहेत. 1990 च्या सुमारास त्यांनी मुलांना न्यूटनच्या नियमांवरचे अगदी साध्या भाषेतले प्रश्न दिले. उदाहरणार्थ, जड ट्रक आणि हलकी कार यांची टक्कर झाली, तर जास्त बल कोणावर? अवघड गणितं सोडवणारी मुलं इथे अडखळली. कोणीतरी तर विचारलं, तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला वाटतं तसं?

मग त्यांनी तासच बदलला. या पद्धतीला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात. थोडं शिकवायचं आणि पर्याय देऊन एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचं. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, त्याला पटवायचं. पुन्हा उत्तर नोंदवायचं. खरं उत्तर सर त्यानंतरच सांगणार. (ट्रक-कारचं उत्तर: दोघांवर सारखंच बल. कारचं वस्तुमान कमी, म्हणून तिला झटका जास्त.)

माझ्या मते खरी गंमत त्या पहिल्या उत्तरात आहे. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या प्लॅनिंग पोकरमध्ये कामाला किती वेळ लागेल याचे पत्ते सगळे एकदम उघडतात. कारण सीनियर आधी बोलला, की बाकीचे माना डोलावतात! वर्गातही तसंच. एकदा ‘ट्रकवर कमी’ असं नोंदवलं, की शेवटच्या बाकावरचाही त्या वादात ओढला जातो. याला महागडी यंत्रं लागत नाहीत. छातीशी धरलेली बोटं पुरतात.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद वाट बघतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं आपणहून बोलतात.

मग सगळीकडे हे का होत नाही? एक कारण पोर्शन, ते तुम्हाला माहीतच आहे. दुसरं जरा विचित्र आहे. 2019 मध्ये हार्वर्डच्याच एका अभ्यासात, स्वतः डोकं लढवायला लावणाऱ्या तासानंतर मुलांना चाचणीत जास्त गुण मिळाले, पण त्यांना वाटत होतं की आपण कमी शिकलो! छान रंगलेलं लेक्चर ऐकताना सगळं सोपं वाटतं, इथे डोकं दुखतं. त्यामुळे ‘हे सर काही शिकवतच नाहीत’ अशी कुरकुर सुरू होते. म्हणून शिक्षक मित्रांनो, ही पद्धत आणणार असाल, तर पहिल्याच तासाला मुलांना हा अभ्यास सांगून टाका.