थोडा पण मोकळा पैसा

१९७७ साली नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी प्रबोधिनी विद्यामंदिर ही बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांची शाळा सुरू केली. तेव्हा ‘मतिमंद’ हाच शब्द सर्रास वापरात होता. त्या स्वतः शिक्षिका होत्या आणि या कामाकडे त्यांना वळवले ते त्यांच्याच मुलाने. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात डिक हॉइट नावाचा एक बाप आपल्या पंधरा वर्षांच्या रिकची चाकाची खुर्ची ढकलत पाच मैलांची शर्यत धावला. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी होती. पुढे हे बाप-लेक हजाराहून अधिक शर्यती धावले, त्यात बोस्टनची मॅरेथॉन तीसहून अधिक वेळा. एका पालकाने शाळा उभी केली, दुसरा धावला. आज या दोन वाटा एकत्र येताना दिसतात. मुलाच्या शाळेसाठी पैसे उभे करायचे म्हणून आई किंवा बाबा हाफ मॅरेथॉनला, कधी पूर्ण ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनला नाव नोंदवतात. हे कौतुकाचे आहेच. पण नुसत्या कौतुकाने या धावण्याचा नेमका उपयोग झाकला जातो. असा पैसा रकमेने थोडा असतो, पण मोकळा असतो, आणि विशेष शाळांना सगळ्यात जास्त टंचाई मोकळ्या पैशाचीच आहे.

असे का, ते शाळेच्या वर्गातच कळते. शर्टाचे बटण लावायला शिकवणे हा तिथे एक धडा असतो. एक हात बटण धरणार, दुसरा काज उघडणार, कड वर ओढायची, बटण सरकवायचे, पलीकडून पकडायचे, असे त्या एका कृतीचे तुकडे पाडले जातात. शिक्षिका बहुतेक वेळा उलट्या क्रमाने शिकवते. आधीचे सगळे ती स्वतः करते आणि शेवटची ओढ तेवढी मुलासाठी ठेवते, म्हणजे ‘झालं!’ हा आनंद त्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी येतो. मग एक पायरी मागे, मग आणखी एक. यात आठवडे जातात, कधी महिने. हे काम चाळीस मुलांच्या वर्गात होत नाही. मोजक्या मुलांमागे एक प्रशिक्षित विशेष शिक्षक, मदतीला मावशी, शिवाय वाचा-उपचार, फिजिओथेरपी आणि मुलांना घरून आणणारी गाडी इतके सगळे लागते. म्हणजे विशेष शाळेचा खर्च मुख्यतः माणसांवर होतो आणि तो दर महिन्याच्या एक तारखेला उभा राहतो. देणगी मात्र वस्तूंकडे ओढली जाते. वाढदिवसाला मुलांना जेवण, एखादा संगणक, खोलीला रंग, भिंतीवर नावाची पाटी. देणाऱ्याच्या मनात खोट नसते. आपण दिलेले डोळ्यांना दिसावे, एवढीच त्याची इच्छा असते. कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधीही बहुधा ठरावीक प्रकल्पासाठी, ठरावीक मुदतीसाठी मिळतो. मावशींच्या पगाराला पाटी लावता येत नाही, म्हणून तो पगार कुणी देऊ करत नाही. पालकाच्या धावण्याला मिळालेल्या पैशाचे तसे नसते. देणारा पाटीसाठी देत नाही, धावणाऱ्या ओळखीच्या माणसासाठी देतो. त्यामुळे पैशाला अट नसते आणि शाळा तो हवा तिथे लावू शकते.

धावून निधी उभा करण्याची ही पद्धत परदेशासारखी आपल्याकडेही रुजली आहे. लंडन मॅरेथॉन १९८१ साली सुरू झाली आणि तिच्या धावपटूंनी आजवर एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम सामाजिक कामांसाठी जमवली. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते. तिथे संस्थेच्या नावाने धावायचे आणि मित्र-नातलगांकडून ऑनलाइन देणगी जमवायची ही रीत आता जुनी झाली. नाशिकने याहून वेगळा मार्ग काढला. २००३ पासून दर जानेवारीत होणाऱ्या ‘नाशिक रन’मागे इथले कारखाने आणि त्यांचे कर्मचारी आहेत. अंतर लांब नसते, घरातले सगळे येऊ शकतात आणि जमलेला निधी गरजू व दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे जातो. लांब पल्ल्याचे वेडही या जिल्ह्याला नवे नाही. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. २०१५ मध्ये नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली आणि त्यानिमित्ताने आदिवासींच्या नेत्रउपचारांसाठी मदतीचे आवाहन केले. घाम गाळून निधी उभा करणे म्हणजे काय, हे या शहराला समजावून सांगावे लागत नाही.

तरी एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पैसेच द्यायचे तर सरळ द्यावेत, त्यासाठी कुणी पहाटे उठून गुडघे का झिजवावेत? हिशोबाने पाहिले तर प्रश्न बरोबर आहे. बूट, प्रवेश शुल्क, प्रवास यांचे पैसेही शाळेला देता आले असते. पण आपल्या मध्यमवर्गीय घरांत मागणे फार अवघड असते. हात पसरणे म्हणजे कमीपणा, हे लहानपणापासून मनावर ठसलेले असते. त्यात विशेष मुलाचे पालक आधीच नातलगांच्या नजरा आणि सल्ले झेलून थकलेले असतात. तीच आई ‘मी जानेवारीत २१ किलोमीटर धावतेय, किलोमीटरमागे दहा रुपये द्याल का?’ असे विचारते, तेव्हा ती भीक मागत नसते. ती आधी स्वतःचे काही देते आणि मग समोरच्याला सामील करून घेते. शिवाय सरावाचे चार-सहा महिने ओळखीचे लोक विचारत राहतात, ‘किती झालं?’ त्या उत्तरातून शाळेची गोष्ट पुढे जात राहते. सरळ दिलेल्या धनादेशाने हे साधत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. यात मुलाची कीव विकली जात नाही का? जाऊ शकते. मुलाचा केविलवाणा फोटो आणि त्याखाली खाते क्रमांक असे आवाहन पाहिले की मन विटते, आणि विटायलाच हवे. पण हॉइट बाप-लेकांच्या पहिल्या शर्यतीचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. ती शर्यत रिकसाठी नव्हतीच. अपघातात पांगळ्या झालेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी ती ठेवली होती आणि तिच्यात भाग घ्यायचे रिकनेच ठरवले होते. चालू-बोलू न शकणारा मुलगा दुसऱ्या कुणाला मदत करायला निघाला होता. शाळेसाठी धावणाऱ्यांनी हाच कित्ता गिरवावा. फोटो काढायचाच तर मुलाने केलेल्या कामाचा काढावा, आणि मुलाला कळत असेल तर आधी त्याला विचारावे.

तिसरा आक्षेप सरकारच्या जबाबदारीचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क दिला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही स्थापन केला. मग पालकांनी का धावावे? पालकांचे धावणे हा सरकारची जबाबदारी कमी करण्याचा मार्ग होता कामा नये, हे मला पूर्ण मान्य आहे. हॉइट कुटुंबाचाच दाखला घ्या. रिकला सरकारी शाळेत बसायला मिळाले ते १९७५ साली, शर्यतीच्या दोन वर्षे आधी. त्यामागे राज्याचा कायदा होता आणि त्या कायद्यासाठी झगडणाऱ्यांत रिकची आई ज्यूडी होती. हक्क मिळवायला संघटनाच लागते. पण आपल्याकडे अनुदान मंजूर पदांपुरते येते आणि विनाअनुदानित शाळेला तेही मिळत नाही. त्यातच कायद्याचा हक्क १८ व्या वर्षी थांबतो, मूल मात्र थांबत नाही. अठराव्या वर्षानंतर हवी असते कार्यशाळा, दिवसभर हाताला काम आणि पुढे राहण्याची सोय. ‘आमच्यानंतर काय?’ हा प्रश्न विशेष मुलाच्या प्रत्येक घरात असतो. नाशिकच्या घरकुल परिवार संस्थेसारखी विशेष मुलींसाठीची निवासी घरे त्याच प्रश्नातून उभी राहतात. या टप्प्यावर मोकळ्या पैशाची किंमत सर्वाधिक असते.

आणखी एक अडचण आहे, तिची चर्चा कमी होते. धावायला वेळ लागतो. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर पहाटे साडेपाचला पोहोचायचे तर त्या वेळी मुलाजवळ कुणीतरी हवे. रात्री तीनदा उठावे लागणाऱ्या आईला रविवारचे वीस किलोमीटर कुठून सुचणार? म्हणून ‘अमुकच्या बाबांनी केलं, तुम्ही का नाही?’ असे कुणीही म्हणू नये. जे धावू शकतात त्यांनी धावावे. आत्या, काका, शेजारी, शाळेचे माजी शिक्षक, कुणीही धावू शकते. आणि ज्यांना धावायचे नाही, त्यांनी रविवारी सकाळी तीन तास मुलाजवळ बसावे. तीही तेवढीच मोठी देणगी आहे.

शेवटी हिशोब. समजा पालक ४२ किलोमीटर धावले आणि शंभर जणांनी किलोमीटरला दहा रुपये दिले, तर ४२ हजार जमतात. २० हजार पगाराच्या शिक्षिकेचे ते दोन महिने झाले. त्याच शंभर जणांनी शर्यतीनंतर दरमहा दोनशे रुपये चालू ठेवले, तर वर्षाला २ लाख ४० हजार होतात, म्हणजे त्या शिक्षिकेचा वर्षभराचा पगार. तेव्हा ओळखीचे कुणी असे धावत असेल, तर पैसे थेट शाळेच्या खात्यात भरा, पावती घ्या, सोबतच्या चिठ्ठीत ‘शाळेला गरज असेल तिथे वापरावेत, पगारासाठीही चालेल’ असे स्पष्ट लिहा, आणि बँकेला पुढच्या बारा महिन्यांची सूचना त्याच दिवशी देऊन टाका.