जुन्या रस्त्याची खडी रुळाखाली चालेल का?



परिसर अभ्यासात वाहतूक शिकवताना आपण रस्ता आणि रेल्वे असे दोन वेगळे रकाने करतो. मुलं ते रकाने मोडतात. चौथीच्या एका मुलाने विचारलं, "सर, रस्ता उकरला की निघालेली खडी रुळाखाली का नाही टाकत? दोन्ही खडीच ना?" एका वाक्यात हो किंवा नाही म्हणून टाळावा असा हा प्रश्न नाही.

आधी रुळाखालची खडी काय करते ते बघू. आपल्याकडे तिचे तुकडे साधारण २० ते ६५ मिमीचे, आणि मुद्दाम टोकदार असतात. नदीतले गोटे गाडीच्या दणक्याने घसरतील. टोकदार खडी एकमेकांत अडकते, स्लीपर धरून ठेवते आणि गाडीचं वजन पसरवते. आणखी एक काम आहे, जे मुलांच्या (आणि खरं सांगायचं तर मोठ्यांच्याही) लक्षात येत नाही. फटींमधून पावसाचं पाणी पटकन निघून जातं. फटी मातीने बुजल्या की पाणी साठतं, खाली चिखल होतो, प्रत्येक गाडीसरशी तो वर उसळतो आणि रूळ खचू लागतो. म्हणून तर साधारण दहा वर्षांतून एकदा रेल्वे ही खडी खोलवर उकरून, चाळून परत टाकते.

वर्गात दाखवायचं असेल तर पाण्याच्या दोन बाटल्या अर्ध्या कापा आणि बुडाला भोकं पाडा. एकीत धुतलेली खडी, दुसरीत खडी आणि माती भरा. दोन्हींत एकेक पेला पाणी ओता. पुढचं मुलंच सांगतील.

आता जुना रस्ता. मशीनने खरवडलेल्या डांबरी थरात खडी असते, पण ती डांबराने माखलेली, लहान आणि भुकटीसह. ती स्लीपरखाली टाकली तर फटी बुजणार. शिवाय उन्हात डांबर मऊ पडतं. म्हणजे त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'.

पण थोडं खाली जा. खडी आणि माती यांच्यामध्ये आणखी एक थर असतो. तिथे पाणी मातीत उतरू नये हेच हवं असतं, आणि डांबर त्यात पटाईत! वर खडीची सावली असल्याने ऊनही थेट लागत नाही. इटलीतल्या जलदगती रेल्वेमार्गांवर खडीखाली सुमारे १२ सेमी जाडीचा डांबरी थर असतो. अशा थरात खरवडलेला जुना माल मिसळून बघण्याचे प्रयोग संशोधक करत आहेत. जी वस्तू वर निरुपयोगी ठरली, ती खाली उपयोगी पडू शकते.

रस्त्यावरून येणारी दुसरी वस्तू म्हणजे टायर. ऑस्ट्रेलियात प्रा. बुद्धिमा इंद्ररत्न यांच्या गटाने टायरची एक बाजू कापली, त्यात रेल्वेचीच टाकाऊ खडी भरली आणि असे टायर शेजारी शेजारी मांडून त्यावर रूळ घातला. टायर खडीला बाजूला पसरू देत नाही आणि दणकाही शोषतो. सिडनीतल्या चुल्लोरा इथे याची चाचणी झाली. खडीत रबराचे तुकडे मिसळूनही त्यांनी पाहिलं. वजनाने १० टक्क्यांच्या आसपास रबर असेल तर खडी कमी फुटते. त्याहून बरंच जास्त घातलं तर मात्र रूळच जास्त दबतो.

एवढा खटाटोप कशाला, असं पालक विचारतील. आपल्याकडची बरीचशी खडी काळ्या बेसाल्टची, म्हणजे डोंगर फोडून काढलेली. ती गाड्यांखाली झिजते, टोकं बोथट होतात, मग नवी आणावी लागते. आणि गॅरेजमागे पडलेल्या जुन्या टायरमध्ये पावसाळ्यात काय होतं, हे डेंग्यूचा धडा शिकवताना आपण दरवर्षी सांगतोच. यंदा तो धडा घ्याल तेव्हा टायरचं चित्र काढून मुलांना विचारा, याची कुठली बाजू कापाल आणि आत काय भराल?